स्पंज कुठल्या पाण्यात धुतला

३ फेब्रुवारी

चि. गुंज हीस,
अनेक आशीर्वाद.

एका हाताखाली कुबडी आहे, म्हणून अक्षर वाकडं येतंय. मी न्हाणीघरात पडलो असं तुझी मावशी सगळ्यांना सांगते. ते चूक आहे. मी न्हाणीघराच्या दारात पडलो. हातात माशांच्या पाण्याची भरलेली बादली होती आणि पडताना मी ती सरळ धरली. पाणी सांडलं नाही. खुबा मोडला.

आता मी मावशीकडे आहे. खोली चांगली आहे. खिडकीतून समोरची भिंत दिसते. भिंतही चांगली आहे. मावशीचं म्हणणं, दादा, घर बंद कर, मासे कोणाला तरी देऊन टाक आणि कायमचा इथेच राहा. मी नाही म्हटलं. बरीच वादावादी झाली आणि शेवटी करार ठरला. ३१ मार्चला ती स्वतः माझ्या घरी येऊन बघणार. टाकीत चारही मासे धडधाकट असले, तर बादल्या उचलणारं माणूस घरात आहे असं ती मानेल. आणि तोवर मला जिना चढता आला पाहिजे. आपला जिना बेचाळीस पायऱ्यांचा आहे. दोन्ही जमलं तर मी माझ्या घरी. एक जरी चुकलं तरी मी इथे, भिंतीसमोर.

तुझं ग्रंथालय माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. तू ती भाड्याची खोली सोड आणि माझ्याकडे राहायला जा. किल्ली खालच्या शिंप्याकडे आहे. सध्या तोच खाणं टाकतो, पण त्याला फक्त माणसांचं माप घेता येतं.

चौघांची ओळख करून देतो. डोक्यावर लाल गोंडा आहे तो रावसाहेब, वय नऊ. काळा, डोळे बाहेर आलेला, तो डोळस. त्याला जवळजवळ दिसत नाही, म्हणून खाणं नाकासमोर टाकायचं. गोल, मोत्यांसारखे खवले आहेत ती पाहुणी, सहा वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी आली होती. उरला तिरपा. तो तिरपा पोहतो. त्याला बघून घाबरू नकोस. गेली चार वर्षं तो आज जातो की उद्या, असाच आहे.

स्वयंपाकघराच्या खणात निळी वही आहे. सोळा पानं. वहीत आहे ते टाळू नकोस, वहीत नाही ते करू नकोस.

फोन करू नकोस. मला ऐकू यावं म्हणून तू ओरडशील, आणि ते आधी मावशीला ऐकू जाईल, मग शेजाऱ्यांना, आणि जमलं तर मला. पत्र चार दिवसांत पोचतं.

तुझा,
मामा


९ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न.

काल सकाळी नऊ वाजता आले. पायऱ्या मोजल्या, बेचाळीसच आहेत. तुमच्यावर शंका होती म्हणून नाही, वर येताना तोंडातून आपोआप मोजल्या गेल्या.

तुमचं टेबल अजून तिथेच आहे. शाळेच्या फाटकापाशी मला उलटी व्हायची म्हणून पहिली तीन वर्षं मी त्याच टेबलावर शिकले. आता तिथे टाकी आहे. मासे मी बसायचे त्याच बाजूला तोंड करून असतात.

वही दोनदा वाचली, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. शंका लिहिते. पान ४ वर 'चिमूटभर खाणं' आहे. कोणाची चिमूट? माझी चिमूट तुमच्या छोट्या काट्यावर तोलली, ०.४ ग्रॅम भरली. तुमची मोठी असणार. कळवा. पान ११ वर तिरप्यासाठी 'मटाराचा दाणा उकडून, सोलून' आहे. शेंगेतून सोलायचा की दाण्यावरचं पातळ सालही काढायचं? मी दोन्ही काढलं. त्याने खाल्लं आणि जरा वेळ सरळ पोहला. मग आठवल्यासारखा पुन्हा तिरपा झाला.

पान ९ वर 'महिन्यातून एकदा फिल्टरचा स्पंज धुणे' असं आहे आणि शेवटची तारीख ५ जानेवारीची. म्हणजे उशीर झाला होता. मामा, तो स्पंज तपकिरी झाला होता. हात लावला तर लगदा. मी तो नळाखाली धरला. धुतलेल्या वस्तूचं शेवटचं पाणी पांढऱ्या कपात घेऊन बघायचं, पाणी दिसेनासं झालं की वस्तू धुतली, हे तुमचंच शिकवणं. नवव्या कपाला पाणी दिसेनासं झालं. आता स्पंज निळा आहे. तो मुळात निळा आहे हे तुम्हाला आठवतही नसेल.

तळाचे खडेही काढून तसेच धुतले. ते वहीत नव्हतं हे कबूल करते. पण हात ओले होतेच.

टाकी इतकी स्वच्छ दिसते की शिंपीकाका वर आले तेव्हा म्हणाले, "काच काढून टाकलीस की काय?"

तुमची,
गुंज


१४ फेब्रुवारी

चि. गुंज,

स्पंज कुठल्या पाण्यात धुतलास? उत्तर तुझ्या पत्रात आहे. तीनदा वाचलं, तिन्ही वेळा तेच निघालं.

नीट वाच. ती तपकिरी घाण म्हणजे घाण नव्हे. माशांच्या विष्ठेतून पाण्यात विष उतरतं. ते खाऊन टाकणारे जिवाणू त्या घाणीत आणि खड्यांवर राहतात. नळाच्या पाण्यात जे औषध असतं ते त्यांना मारतं. म्हणून स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, बादलीत, दोनदा पिळायचा आणि घाणेरडाच परत लावायचा. माझ्या हाताला याची इतकी सवय आहे की ते लिहावं लागतं हे मला कधी सुचलंच नाही. डोळे मिटून पान ९ आठवलं. 'धुणे' एवढंच आहे. कुठल्या पाण्यात, ते नाही.

आता असं कर. खाणं बंद. रोज एक तृतीयांश पाणी काढायचं आणि चोवीस तास बादलीत उघडं ठेवलेलं पाणी भरायचं. दुकानातून पाणी तपासायचे थेंब आण. पिवळा रंग आला तर ठीक, हिरवा आला तर वाईट. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले तर फार वाईट.

खरा उपाय एकच आहे. कुठल्या तरी जुन्या, चालत्या टाकीतला घाणेरडा स्पंज पिळून ते पाणी आपल्या फिल्टरमध्ये ओतायचं. चौकातल्या दाताच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत मोठी टाकी आहे. माझी त्या डॉक्टरांशी ओळख नाही, टाकीशी आहे.

लगेच जा.

मामा


१५ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न.

तुमच्या पत्राची वाट बघते आहे, पण एक चांगली बातमी राहवत नाही म्हणून कळवते. कालपासून चौघेही पाण्याच्या अगदी वर येऊन राहतात आणि सारखी तोंडं हलवतात. आधी ते तळाशी असायचे. मला वाटतं पाणी इतकं स्वच्छ झालं की त्यांना वरचा उजेड आवडायला लागला. रावसाहेब तर खाली जायलाच तयार नाही. वहीत याबद्दल काही नाही, म्हणून मी काही केलं नाही.

तुमची,
गुंज


२३ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न.

तुमचं १४ तारखेचं पत्र १८ ला दुपारी मिळालं. माझं १५ चं तुम्हाला मिळालं असेल. ते कृपा करून पुन्हा वाचू नका.

खाणं त्याच दिवशी बंद केलं. थेंब आणले. रंग हिरवा आला. दुकानाच्या तक्त्यावर सर्वांत खालचा जो हिरवा आहे, तो. तेव्हापासून रोज सकाळी पाणी बदलते. पाच बादल्या दिवाणखान्यात ओळीने ठेवल्या आहेत, प्रत्येकीवर भरल्याची वेळ लिहिली आहे.

दाताच्या डॉक्टरांकडे १८ लाच गेले. तिथल्या स्वागताच्या बाईंनी विचारलं, "काय होतंय?"

"मला काही होत नाही," मी म्हटलं.

"मग तपासणी?"

टाकी त्यांच्या पाठीमागेच होती. पण खोलीत चार माणसं गालाला हात लावून बसली होती. त्यांच्यासमोर घाण पाणी मागायचं मला जमेना. मी म्हटलं, "हो, तपासणी." त्यांनी २० ची वेळ दिली.

२० ला मी डॉक्टरांच्या खुर्चीत बसले. आत गेल्या गेल्या सांगायचं असं घरून ठरवून निघाले होते. डॉक्टर म्हणाले, "आ करा." मी आ केला. आ केल्यावर बोलता येत नाही हे मला आधी सुचलं नव्हतं. त्यांना उजवीकडच्या दाढेत कीड सापडली. "बरं झालं वेळेवर आलात," ते म्हणाले आणि सुई टोचली. दाढ भरून होईपर्यंत अर्धा चेहरा माझा राहिला नव्हता. शेवटी मी त्यांच्या टेबलावरच्या कागदावर लिहिलं, 'आपल्या टाकीच्या फिल्टरचा स्पंज पिळून त्याचं घाण पाणी मिळेल का?'

डॉक्टरांनी कागद वाचला. माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा आ करायला लावून दाढ तपासली.

"हे माझ्या हातात नाही," ते म्हणाले. "बाहेर बाईंना विचारा. मी फक्त दात बघतो."

बाईंनी कागद वाचला आणि हसल्या नाहीत. "नळाखाली धुतलात ना?" म्हणाल्या. "सगळे एकदा धुतात. मीही धुतला होता. पहिल्या दिवशीच का नाही बोललात?" त्यांनी एक बरणीभर काळं पाणी पिळून दिलं आणि वर स्वतःच्या स्पंजाचा तळहाताएवढा तुकडा कापून दिला. त्या तुकड्याला इतका वास होता की मला धीर आला.

आता थेंबांचा रंग फिकट हिरवा आहे, पिवळ्याकडे झुकलेला. डोळस कालपासून खाली उतरला. पाहुणीच्या शेपटीवर उठलेल्या लाल रेघा पुसट झाल्या. तिरपा आहे तसाच तिरपा आहे. टाकीत आता कोणीही तडफडत नाही.

डाव्या बाजूने जेवते. काळजी नसावी.

तुमची,
गुंज


१ मार्च

चि. गुंज,
अनेक आशीर्वाद.

तू दाढ भरून घेतलीस हे चांगलं केलंस. बाईंना माझा नमस्कार सांग.

मी वजनमापे खात्यात तेहतीस वर्षं निरीक्षक होतो. खोटं वजन ठेवणारा दुकानदार सोपा असतो, पालथं केलं की वजन बोलतं. अवघड कोण, तर ज्याच्या पेटीतली सगळी वजनं खरी असतात आणि एक पेटीत नसतंच. तो तुमच्याशी एकही खोटा शब्द बोलत नाही.

तुझ्या पत्रात तीन नावं आहेत. रावसाहेब कसा आहे? एका शब्दात लिहिलंस तरी चालेल.

माझी प्रगती उत्तम. काल अठरा पायऱ्या चढलो. मावशी तेव्हा बाजारात गेली होती.

मामा


७ मार्च

ती. मामांस,
सा. न.

गेला.

१९ फेब्रुवारी, सकाळी साडेसात. मी पाणी बदलायला आले तेव्हा तो वर होता, पण तोंड हलत नव्हतं. मी थोडा वेळ थांबले, कारण तिरपाही कधीकधी तसा दिसतो. मग बाहेर काढला. तुमच्या तराजूवर ठेवला. एकशे चौऱ्याऐंशी ग्रॅम. का तोलला ते सांगता येत नाही. तोलून झाल्यावर पुढे काय करायचं ते वहीत नव्हतं. सज्ज्यातल्या मोठ्या कुंडीत, त्या रुंद पानांच्या झाडाखाली पुरला.

एक गोष्ट मी मागच्या पत्रात लिहिली नाही. १८ ला स्वागताच्या बाईंनी वेळ देताना विचारलं होतं, "तातडीचं आहे का? दुखत असेल तर आत्ता घेते." मी म्हटलं, "नाही, दुखत नाही." दुखत नव्हतंच, मामा. पण 'हो' म्हटलं असतं तर ते पाणी मला १८ ला मिळालं असतं. आणि १९ ची सकाळ वेगळी झाली असती.

थेंब आणायला दुकानात पुन्हा गेले तेव्हा दुकानदारांना सांगितलं. त्यांनी आतून एक दाखवला. "असाच होता ना? घेऊन जा. तुमच्या मामांनासुद्धा कळणार नाही." अगदी तसाच होता. गोंडाही डावीकडे तेवढाच झुकलेला. मी पाव तास उभी होते. मग नको म्हटलं. ते म्हणाले, "का, काय वेगळं आहे?" मी म्हटलं, "काहीच नाही. तेच तर."

स्पंज मी धुतला, खडे मी धुतले, आणि 'दुखत नाही' असंही मीच म्हटलं. तुमच्या पान ९ ची यात काही चूक नाही. तिघे बरे आहेत. खाणं सुरू केलं, अर्धी चिमूट, ०.२ ग्रॅम.

करारात चार लिहिले आहेत. ३१ तारखेला काय होणार या विचाराने मला शाळेच्या फाटकासारखं होतं.

तुमची,
गुंज


१३ मार्च

चि. गुंज,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी खुर्ची भिंतीकडे वळवून बसलो. मावशीला वाटलं मी भिंत बघतोय. बरं झालं.

चूक माझी आहे. याबाबत वाद घालू नकोस. सोळा पानं लिहिणाऱ्या माणसाने चार शब्द गाळायचे आणि पोरीने ते ओळखायचे, असा कुठलाही नियम नाही. रावसाहेब मी आणला तेव्हा अकरा ग्रॅमचा होता. एवढंच लिहितो.

आता ३१ तारीख. मी पुष्कळ विचार केला. हलणाऱ्या वस्तू मोजणं अवघड असतं, हे मी अनुभवाने सांगतो, आणि तुझ्या मावशीला चष्म्याशिवाय जवळचं दिसत नाही. बहुतेक ती विचारणारच नाही. विचारलंच, तर म्हण, एक झाडाखाली आहे. टाकीत झाड आहे. सज्ज्यातही झाड आहे. तो झाडाखाली आहेच. यात एकही शब्द खोटा नाही.

हे लिहिताना तीन कागद फाडले. पण गुंजे, पन्नास दिवस झाले. समोरच्या भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात एक ओल आहे, ती आता मला कशासारखीही दिसत नाही, फक्त ओलीसारखी दिसते. मला माझ्या घरी यायचंय.

रोज अठरा पायऱ्या चालू आहेत.

मामा


२० मार्च

चि. गुंज,

मी ३१ ला सकाळी अकरा वाजता येते. जेवणार नाही. चहा बिनसाखरेचा.

तुझा मामा तुला रोजच्या अठरा पायऱ्या कळवत असेल. मलाही तेच सांगतो. आमच्या दाराला पायऱ्या तीन आहेत. तो त्या तीन चढतो, खाली उतरतो, कठड्याला टेकून बसतो, परत तीन चढतो. असं सहा वेळा. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते आणि त्याला दिसणार नाही अशी उभी राहते, कारण उतरताना तो चांगलाच डगमगतो.

तुम्हा दोघांना वाटतं मला काही कळत नाही. असू दे. तुला त्याने काही पढवलं असेल तर ते मी येण्याआधी विसरून जा. तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. तू सहा वर्षांची होतीस तेव्हाही दिसायचं.

मावशी


१ एप्रिल

ती. मामांस,
सा. न.

मावशी काल दहा पन्नासला आली. वर आल्यावर खुर्चीत बसली, चष्मा काढला, पुसला, घातला. चष्मा होता, मामा.

मी ते वाक्य आठवडाभर पाठ केलं होतं. ग्रंथालयात कार्डं लावताना, जिन्यावर, दात घासताना. म्हणून दाखवलं की प्रत्येक वेळी नीट यायचं.

मावशी टाकीकडे बघत म्हणाली, "किती?"

"एक झाडा..." मी म्हटलं आणि थांबले.

"एक झाडा काय?"

"तीन आहेत, मावशी. एक गेला. माझ्यामुळे."

"बस," ती म्हणाली. "आणि पहिल्यापासून सांग."

मी पहिल्यापासून सांगितलं. नऊ कप, खडे, थेंब, डॉक्टर, बाई, तराजू. तुमच्या १३ तारखेच्या पत्राबद्दल तेवढं बोलले नाही. तिने विचारलं नाही. चाळीस मिनिटं लागली. चहा गार झाला, तो तिने तसाच प्यायला.

मग म्हणाली, "आ कर."

मी आ केला. तिने मला खिडकीपाशी नेऊन दाढ बघितली. "चांगली भरलीय," म्हणाली.

नंतर ती बादल्यांच्या ओळीपाशी गेली, वेळा लिहिलेल्या चिठ्ठ्या वाचल्या आणि एक भरलेली बादली उचलायला गेली. उचलली, लगेच खाली ठेवली, कमरेला हात लावला. "ही तू रोज उचलतेस?"

"आता दिवसाआड. दोन."

"आणि दादा हीच उचलायचा. त्या वयात." मग ती टाकीपाशी आली. तिरपा तिच्यासमोर येऊन तिरपा थांबला. "ह्याला काय झालंय?" तिने विचारलं. मी म्हटलं, "काही नाही, तो असाच आहे." ती म्हणाली, "आपल्याकडे सगळे असेच आहेत."

निघताना 'बघते' एवढंच म्हणाली. जिना उतरताना मोठ्याने मोजत होती. बेचाळीस ऐकू आल्यावर मी दार लावलं.

करार मोडला, मामा. तुम्ही वाक्य शिकवलंत, ते मला अर्धंच म्हणता आलं. मला क्षमा करा. ओलीचा तो कोपरा माझ्यामुळे तुमच्या वाट्याला आला.

तुमची,
गुंज


७ एप्रिल

चि. गुंज,

करारात चार मासे होते, भरले तीन. दादाला जिना चढता येत नाही. म्हणजे तुम्ही दोघेही हरलात. हे आधी लिहून ठेवते, नंतर कोणी वेगळं सांगायला नको.

तुझं पत्र काल आलं. ते वाचून दादा स्वयंपाकघरात आला. कुबडी घेऊन, बोलावलेलं नसताना. म्हणाला, "मी पोरीला तुझ्याशी खोटं बोलायला सांगितलं होतं." मी म्हटलं, काय सांगितलंस? त्याने ते झाडाखालचं सांगितलं. मग म्हणाला, "आणि माझ्या अठरा पायऱ्या तीनच आहेत." मी म्हटलं, माहीत आहे. तो म्हणाला, "मग बोलली का नाहीस?" मी म्हटलं, तुला एवढी एकच करमणूक आहे.

हा माणूस माझ्या लग्नात वाढप्यांच्या डावाचं माप काढत होता. जन्मात पहिल्यांदा त्याने कोणाला खोटं शिकवलं, तेही अर्धं खरं करून, आणि तीन कागद फाडून. ज्याला इतकं घरी जायचंय त्याला मी कुठवर धरून ठेवू? माझ्याकडे ठेवला तर तो सुखरूप राहील. बरा राहील की नाही ते मला सांगता येत नाही.

२२ तारखेला त्याला गाडीत बसवून देते. अटी माझ्या. तू तिथेच राहायचं. त्याने बादलीला हात लावायचा नाही, रिकामीलाही नाही. जिना एका दमात चढायचा नाही. तीन पायऱ्या झाल्या की बसायचं, पुन्हा तीन. तेवढं त्याला येतं, मी रोज बघितलंय. पुन्हा पडला तर काही न बोलता माझ्याकडे यायचं. हे त्याच्याकडून लिहून घेतलंय. सही वाकडी आहे, पण सही आहे.

खिडकीसमोरची खुर्ची मी तशीच ठेवणार आहे.

मावशी


२३ एप्रिल

प्रिय मावशी,
सा. न.

मामा काल पोचले. तू विचारशील म्हणून सगळं लिहिते.

गाडी दहा वाजून पाच मिनिटांनी दारात आली. शिंपीकाका आणि मी खाली होतो. शिंपीकाकांनी मामांना दंडाला धरलं आणि मी घडीची खुर्ची घेतली. तीन पायऱ्या झाल्या की मी खुर्ची उघडायची, ते बसायचे, मी मिटायची. शिंपीकाका म्हणाले, "राजाची स्वारी चाललीय." मामा म्हणाले, "राजाला पायऱ्या मोजायला लागत नाहीत." चौथ्यांदा बसले तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या बाई भाजी घेऊन वर चालल्या होत्या. त्या थांबल्या, त्यांनी प्रकृतीची चौकशी केली आणि आमच्यामागून वर जायला संकोच वाटला म्हणून त्याही जिन्यात उभ्या राहिल्या. नवव्यांदा मामांचा चेहरा पांढरा पडला होता. मी म्हटलं, परत जाऊ या का? त्यांनी खालच्या सत्तावीस पायऱ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "आता वरच जवळ आहे." एकूण एक तास दहा मिनिटं लागली. पडले नाहीत. डगमगले एकदा, अडतिसाव्या पायरीवर.

आत आल्यावर त्यांनी पाणी मागितलं नाही. सरळ टाकीसमोरच्या खुर्चीत बसले. मी पडदा बाजूला केला. रावसाहेबाची जागा रिकामी दिसते, ती मला कशानेही भरता आली नाही. मामांनी ती बघितली.

मग तिघेही काचेपाशी आले. डोळस, पाहुणी, तिरपा. ओळीने, त्यांच्याकडे तोंड करून. शेपट्या हलवत होते. मामांनी काचेवर बोट ठेवलं, तिघे बोटाकडे वळले. बराच वेळ असंच चाललं होतं.

"बघ," मामा म्हणाले. "मला ओळखलं."

मावशी, ते कोणाकडेही येतात. समोर माणूस दिसला की त्यांना खाणं आठवतं. गेल्या आठवड्यात विजेचं मीटर बघायला माणूस आला होता, त्याच्याकडेही असेच ओळीने आले. शिंपीकाकांकडे येतात. मी झाडू घेऊन गेले तर झाडूकडे येतात. वहीत पान ३ वर हे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं आहे.

मी म्हटलं, "हो मामा. लगेच ओळखलं."

हे त्यांना कळवू नकोस.

तुझी,
गुंज